सँटोरिनी गाळून क्रीट : चौदा जणांच्या एका ग्रीस सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी आणि माझी मैत्रीण पुण्यातून वर्षाला तीन-चार अभ्यास सहली काढतो. दुकान दोघींचंच, ऑफिस म्हणजे तिच्या घरची पुढची खोली. मे २०२५ची ग्रीसची सहल ही आमची युरोपातली पहिलीच. इथे लिहिलेलं सगळं घडलेलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.

या सहलीचं बी कार्ल्याला पडलं. आमच्याबरोबर नेहमी असणारे सर, म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, चैत्यगृहातल्या एका खांबासमोर उभे राहून वरचा ब्राह्मी लेख वाचून दाखवत होते. धेनुकाकट गावच्या एका यवनाने हा खांब दान दिला, असा तो लेख. यवन शब्द आयोनियन ग्रीकांवरून आला, पण इथले हे दाते कितपत ग्रीक होते यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हेही सरांनी सांगितलं. तेवढ्यात कोल्हापूरच्या एक बाई म्हणाल्या, "आमच्या टाउन हॉलच्या म्युझियममध्ये पोसायडन आहे की." पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आणि ही त्याची कोल्हापूरच्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली छोटी कांस्यमूर्ती. परतीच्या बसमध्ये लोणावळा यायच्या आत सहल ठरली होती.

नावं नोंदवली चौदा जणांनी. बहुतेक साठीच्या पुढचे. लातूरचं एक जोडपं, नाशिकचे एक डॉक्टर, ठाण्याच्या दोघी बहिणी, कोल्हापूरच्या बाई, बाकी पुण्या-साताऱ्याकडचे. चौघांना इंग्रजी जेमतेम कळत होतं आणि एका काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. दर माणशी ३ लाख १० हजार. त्यावर जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे सहलीच्या पैशांबरोबर आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, वेगळा. टीसीएस प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता होतो, हे मी एकेकाला किमान तीनदा समजावलं असेल.

आखणी अशी होती : ३ मेच्या रात्री मुंबईहून आखाती देशातून अथेन्स. तिथे तीन रात्री, मग डेल्फी, कालाम्बाका आणि मेटेओराचे मठ. परत अथेन्सला एक रात्र काढून १० ते १२ मे सँटोरिनी बेट आणि शेवटी दोन रात्री नाफ्प्लिओ. तिथून मायसीनी आणि एपिडॉरस ही प्राचीन स्थळं.

खरं सांगायचं तर आमच्या पहिल्या कच्च्या आराखड्यात सँटोरिनी नव्हतं. ते आलं जाहिरातीमुळे. मैत्रीण म्हणाली, पत्रकावर पांढरी घरं आणि निळे घुमट नसतील तर ग्रीस म्हणून कोण ओळखेल? मग आम्ही त्याला सांस्कृतिक कारण जोडलं. ते होतंही भक्कम. बेटावरचं अक्रोतिरी हे कांस्ययुगीन गाव इसवीसनापूर्वी सोळाशेच्या आसपासच्या ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं आणि १९६७पासून उत्खननातून बाहेर आलं. पण कारण आधी सापडलं नव्हतं, फोटो आधी सापडला होता. पुढच्या बऱ्याच गुंत्याचं मूळ इथेच आहे.

अडचण

२०२५च्या जानेवारीअखेरीस सँटोरिनी आणि अमोर्गोस या बेटांमधल्या समुद्रात भूकंपांची मालिका सुरू झाली. दिवसाला शेकडो धक्के. शाळा बंद झाल्या, ११ हजारांवर लोक बेट सोडून गेले, ६ फेब्रुवारीला सरकारने आणीबाणी जाहीर केली. १० तारखेला ५.३ तीव्रतेचा धक्का बसला, तो त्या मालिकेतला सर्वांत मोठा ठरला. मोठा ठरला हे आज म्हणता येतं. तेव्हा शास्त्रज्ञ दोन शक्यता सांगत होते : हळूहळू शमेल, किंवा मोठा धक्का यायचा बाकी असेल. १९५६ साली अमोर्गोसजवळ झालेल्या मोठ्या भूकंपात सँटोरिनीची घरं पडून पन्नासच्या वर माणसं गेली होती. ती आठवण प्रत्येक बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असायची.

आमच्यासमोर दोन तारखा होत्या. सँटोरिनीच्या हॉटेलचं आरक्षण मोकळेपणाने रद्द करायची शेवटची मुदत ११ मार्च. ती बरी होती. दुसरी जाचक होती : २० फेब्रुवारीला मुंबईत सगळ्यांची व्हिसाची अपॉइंटमेंट. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला रोजचा कार्यक्रम आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल जोडावं लागतं. नंतर बदल केला तर गुन्हा नाही. पण चौदा जणांच्या फायलीत ज्या बेटावर आणीबाणी आहे तिथल्या तीन रात्री दाखवायच्या, हे आम्हाला पटेना. म्हणजे निर्णयाला हातात दहा दिवस.

आणि ग्रुप? तिथे तोवर व्हिडिओ फिरू लागले होते. एकात लाव्हा वाहत होता. तो आइसलँडचा होता, पण ते सांगेपर्यंत आठ जणांनी हात जोडून झाले होते.

लातूरच्या काकांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्यांनी फोन केला. "ताई, ३० सप्टेंबर ९३ला आम्ही औश्यात होतो. पुढचं काही सांगत नाही. त्या बेटावर आम्ही दोघं येणार नाही. पैसे कापा हवे तर."

पहिली चूक : पोल

९ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकला. सँटोरिनी ठेवायचं की त्याऐवजी दक्षिणेकडच्या क्रीट बेटावर जायचं? लोकशाही वाटेल, जबाबदारी वाटली जाईल, असा सोयीस्कर विचार. दुपारपर्यंत सहा विरुद्ध पाच, तिघांचं मत नाही.

पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. ठाण्याच्या धाकट्या ताईंनी लिहिलं, "घाबरणाऱ्यांनी घरी बसावं." कुणाला उद्देशून ते त्यांना माहीत नव्हतं, कारण लातूरच्या फोनचं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. काका-काकू ग्रुप सोडून गेले. नाशिकच्या डॉक्टरांनी लांबलचक संदेश टाकला : फोटोबिटो जाऊ द्या, पण अक्रोतिरी वगळलं तर कांस्ययुग अर्धंच राहतं. ते एकटे मुद्द्याचं बोलत होते आणि नेमकं त्यांचंच कोणी वाचलं नाही.

आज विचार केला की वाटतं, पोल टाकायला आम्हाला अधिकारच नव्हता. माणसांनी आम्हाला पैसे दिले होते ते निर्णय घेण्यासाठी. चौदा जणांपैकी एकालाही हॉटेलची मुदत, व्हिसाची तारीख, विमानाच्या ग्रुप तिकिटाच्या अटी माहीत नव्हत्या. त्यांनी मत दिलं ते बातमी पाहून.

समोरचे पर्याय

मंगळवारी संध्याकाळी दोघी आणि सर असे बसलो. धक्क्याची बातमी तेव्हाच आली होती. वहीत चार पर्याय लिहिले.

थांबायचं, ११ मार्चला बघायचं. यात पैसा वाचत होता, पण व्हिसाचं कोडं सुटत नव्हतं आणि लातूरचं जोडपं नक्की गळत होतं.

सहल ऑक्टोबरला ढकलायची. विमानाची ग्रुपची आगाऊ रक्कम माणशी ३० हजार, ती बुडाली असती. शिवाय गुडघ्याच्या काकूंनी ऑपरेशनची तारीख मेच्या हिशेबाने घेतली होती. असल्या गोष्टी कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत, पण त्या खऱ्या असतात.

बेट नकोच, मुख्य भूमीवर राहून ऑलिंपिया जोडायचं. सरांचा कल इकडे होता. मात्र आधीच मेटेओरापर्यंत जाऊन यायचं होतं. त्यावर पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकापर्यंत बस म्हणजे साठीच्या माणसांना रोज पाच-पाच तास बसवून ठेवायचं.

चौथा क्रीट. क्नोसॉसचा राजवाडा, हेराक्लिऑनचं पुरातत्त्व संग्रहालय, कांस्ययुगीन मिनोअन संस्कृतीचं मूळ घर. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट निघते ती सकाळी सहाच्या सुमारास पोचवते, म्हणजे एका हॉटेलरात्रीचे पैसे वाचतात. सँटोरिनीला खोलीमागे जेवढे युरो पडत होते त्याच्या निम्म्याहून कमी इथे. आणि डॉक्टरांच्या मुद्द्याचं उत्तरही निघालं : अक्रोतिरीची काही उत्तम भित्तिचित्रं बेटावर नाहीतच, ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर आहेत. वसंतऋतूचं चित्र, मुष्टियुद्ध खेळणारी दोन मुलं, हरणं. गाव बघायला मिळणार नाही, पण त्या गावातल्या भिंती बघायला मिळतील.

खरं म्हणजे कार्ल्यापासून निघालेल्या सहलीला क्रीट पहिल्यापासूनच जास्त शोभत होतं. भूकंप झाला नसता तर आम्ही हे कबूल केलं नसतं इतकंच.

निर्णय आणि तो कसा सांगितला

१६ फेब्रुवारीला पुण्यात बैठक बोलावली, बाहेरगावच्यांसाठी झूम. पोल मागे घेतल्याचं आधी सांगितलं आणि त्याबद्दल माफी मागितली. मग निर्णय सांगितला : क्रीट. ज्यांना नको असेल त्यांना विमानाची रक्कम सोडून बाकी सगळी परत, उत्तर मंगळवारपर्यंत. खोल्यांच्या दरातला फरक माणशी १२ हजार, तो आम्ही परत करणार.

बैठकीनंतर ग्रुपवर लेखी संदेश गेला. तो मीच लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं : "क्रीट हे सँटोरिनीपासून दूर असून पूर्णपणे सुरक्षित आहे."

या वाक्याकडे पुन्हा येते.

ठाण्याच्या थोरल्या ताईंनी नाव काढून घेतलं. धाकट्या, म्हणजे "घरी बसावं" म्हणणाऱ्या, येणार म्हणाल्या. आता त्या एकट्या, मग खोलीचा एकटीचा जादा आकार कोणी भरायचा? नियमाने त्यांनी. पण बदल आमच्याकडून झाला होता. अर्धा-अर्धा केला. त्यांना तो अन्याय वाटला आणि आम्हाला उदारपणा. लातूरचं जोडपं ग्रुपमध्ये परत आलं.

सँटोरिनीच्या हॉटेलने आगाऊ रक्कम परत दिली नाही, पण वर्षभरात कधीही वापरता येईल अशी पत लिहून दिली. मुदतीच्या आत रद्द केल्यामुळे आमचा आग्रह रोख परताव्याचा होता. पण त्या महिन्यात त्या बेटावरच्या कुणाशी हुज्जत घालावी असं वाटलं नाही.

गाइडचा प्रश्न

हा प्रश्न भूकंपाच्या आधीचा, जानेवारीतला. पण त्याने सहलीचा चेहरा बेटापेक्षा जास्त बदलला, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या पत्रकावर ठळक अक्षरात होतं : प्रत्येक स्थळी सरांचं मराठीतून विवेचन. अथेन्समधल्या स्थानिक एजंटाला कार्यक्रम पाठवला तेव्हा त्याने दुसऱ्याच ओळीत विचारलं, तुमच्या सरांकडे ग्रीक सरकारचा गाइडचा परवाना आहे का? ग्रीसमध्ये पुरातत्त्वीय स्थळांवर आणि संग्रहालयांत गटाला माहिती सांगायची तर परवानाधारक गाइडच लागतो. बाहेरून आलेला प्राध्यापक कितीही विद्वान असो, अथेन्सच्या टेकडीवरच्या अ‍ॅक्रोपोलिसवर गटासमोर उभा राहून बोलू शकत नाही. आम्ही अजिंठ्याला आणि हंपीला जे सहज करत आलो ते इथे चालणार नव्हतं.

सर दुखावले. मग त्यांनीच मार्ग काढला. स्थळाच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या बैठकीत पाऊण तास मराठीतून सगळी गोष्ट, नकाशा आणि फोटोंसह. बसमध्ये उजळणी. स्थळावर स्थानिक गाइड, प्रत्येकाच्या कानात रिसीव्हर. इंग्रजीत कमी पडणाऱ्यांसाठी मराठी पुस्तिका, त्यात प्रत्येक जागेचा आराखडा आणि त्यावर आकडे. गाइडला आधीच कळवलं की जिथे उभ्या राहाल तिथला आकडा हाताच्या बोटांनी दाखवा.

हे एवढं छान चाललं की अ‍ॅक्रोपोलिसवर आमच्या चार इंग्रजी न जाणणाऱ्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त कळत होतं. बाकीचे फोटो काढत होते, हे चौघं वाचत होते.

गडबड झाली ती क्नोसॉसला, तीही एकदाच. सर आर्थर इव्हान्स यांनी १९००पासून हा राजवाडा खणला आणि खणताखणता सिमेंट-काँक्रीटने पुन्हा उभाही केला. लाल खांब, रंगवलेल्या भिंती. काही लोकांना ते भव्य वाटतं, काहींना सिनेमाचा सेट. सरांचा हा आयुष्यभराचा विषय : जुन्या वास्तूची डागडुजी कुठे थांबायला हवी. सिंहासनाच्या दालनापाशी रांगेत उभं असताना कोणीतरी विचारलं, "सर, आपल्या रायगडावर असं करावं का?" झालं. सर विसरले. हातातली छत्री उंच करून ते बोलायला लागले आणि भोवती दहा जण गोळा. चौथ्या मिनिटाला दुसऱ्या एका गटाची गाइड येऊन आमच्या गाइडशी ग्रीकमध्ये कडाडली. आमच्या गाइडने तिला शांत केलं, सरांनी छत्री खाली केली. वाद अर्धाच राहिला, तो रात्री जेवताना पुरा झाला. रायगडाबाबत तेरा जणांची पाच मतं निघाली.

प्रत्यक्ष सहल

तिकिटांचा हिशेब १ एप्रिलला बिघडला. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट २० युरोंवरून ३० झालं आणि आसपासची स्थळं एकत्र देणारं जोडतिकीट बंद झालं. दर वाढणार हे जाहीर झालेलं होतं, आमचं लक्ष भूकंपाच्या बातम्यांवर होतं. फरक आमच्या खिशातून गेला. प्रवेशाची वेळही आधी ठरवून घ्यावी लागते. आम्ही सकाळी आठची घेतली होती आणि दहा वाजता खाली उतरताना वर चढणारी गर्दी पाहून सगळ्यांनी ते पहाटेचं उठणं माफ केलं. गुडघ्याच्या काकूंसाठी उत्तरेकडच्या बाजूची लिफ्ट मिळाली. त्यांनी वर पोचून पार्थेनॉनच्या देवळाकडे आधी पाठ केली आणि चढून येणाऱ्या यजमानांचा फोटो काढला.

राष्ट्रीय संग्रहालय मंगळवारी दुपारी एकला उघडतं. हे आधी माहीत असल्यामुळे मंगळवारची सकाळ अगोरा हा प्राचीन बाजारचौक आणि प्लाका ही जुनी वस्ती यांच्यासाठी ठेवली होती. वर अक्रोतिरीच्या भिंतींसमोर डॉक्टर तासभर हलले नाहीत. खाली आर्टेमिसिऑनच्या समुद्रातून काढलेला दोन मीटरहून उंच कांस्यपुतळा आहे, हात फेकण्याच्या पवित्र्यात पसरलेले. हा झ्यूस की पोसायडन, हे त्याच्या हातात वज्र होतं की त्रिशूळ यावर ठरणार, आणि हात रिकामा आहे. कोल्हापूरच्या बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचा लहान आहे."

७ मेच्या सकाळी डेल्फीला निघायच्या वेळी सगळ्यांचे फोन एकदम वाजू लागले : ऑपरेशन सिंदूर. एका काकूंचा भाचा जम्मूत होता. बस निघाली तेव्हा आत कोणी बोलत नव्हतं. मुंबईहून आखाताकडची विमानं चालू आहेत का, हे मैत्रीण पुण्यातून दर सहा तासांनी तपासून कळवत होती, आणि आम्ही ठरवलं की आलेली माहिती तशीच्या तशी जेवणाआधी सगळ्यांना वाचून दाखवायची. अफवेला जागा उरली नाही. फेब्रुवारीत हेच सुचलं असतं तर! डेल्फीला अपोलोच्या देवळासमोर, जिथे पूर्वी भविष्य सांगणारी पुजारीण असे, साताऱ्याचे काका म्हणाले, "आज इथे कौल लावणारी बाई असती तर बरं झालं असतं." क्रीट शेवटी गेल्यामुळे नाफ्प्लिओ आधी आलं होतं, त्यामुळे १० तारखेला युद्धविराम झाला तेव्हा आम्ही मायसीनीच्या सिंहद्वारापाशी होतो.

मेटेओराच्या मठांची गंमत अशी की सगळ्यांचा बंदचा दिवस एक नसतो. शुक्रवारी कुठले उघडे ते पाहून आम्ही आगिओस स्तेफानोस निवडला. तिथे पायऱ्यांऐवजी छोट्या पुलावरून आत जाता येतं. दारावर बायकांनी पॅंट घातली असेल तर कमरेला गुंडाळायला कापड देतात. ठाण्याच्या ताईंना ते मिळालं. कोल्हापूरच्या बाई साडीत होत्या, त्यांना जोगिणीने नुसती मान लववून आत सोडलं.

जेवणाबद्दल एकच सांगते. शाकाहारींसाठी आम्ही एक शब्द पाठ करून गेलो होतो : निस्तिसिमो, म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळे हा शब्द म्हटला की भाजलेली वांगी, भात भरलेले टोमॅटो, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचं कालवण असं सगळं येतं. नाफ्प्लिओला हाच शब्द उच्चारल्यावर लातूरच्या काकूंच्या पुढ्यात भाजलेल्या ऑक्टोपसचा पाय आला. ग्रीकांच्या उपवासाला लाल रक्त नसलेले समुद्री जीव चालतात, हे आमच्या टिपणात नव्हतं. काकूंनी ताट दोन बोटांनी असं काही दूर सरकवलं की वाढणारा मुलगाच शरमला. पुढचे दोन दिवस त्यांनी मेतकूट-भात आणि खाखऱ्यावर काढले.

१२ तारखेच्या रात्रीची बोट स्वस्त पडली, पण ती बचत महाग गेली. चौघांची एक केबिन, घोरण्यावरून झालेल्या अदलाबदली, आणि सकाळी सहाला हेराक्लिऑनला उतरल्यावर हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार. नाश्त्याची सोय केली होती, आंघोळीची नव्हती. आठला क्नोसॉस पाहताना निम्मे जण झोपेत चालत होते. दुपारी संग्रहालयात फैस्टॉसची तबकडी, म्हणजे अजून कोणालाही वाचता न आलेली ती गोल चिन्हांकित माती, सरांनी नुसती बोटाने दाखवली, कारण बोलायची परवानगी नव्हती आणि ऐकायची कुणात ताकद नव्हती.

१४ मेची रात्र

पहाटे एक वाजून एक्कावन्न मिनिटांनी मला जाग आली ती कपाटातल्या हँगरच्या किणकिणण्याने. मग पलंग. मग बाथरूममधल्या काचेच्या फळीवरचा पेला फरशीवर. किती वेळ चाललं ते कळलं नाही. कासोस बेटाजवळ समुद्रात साधारण सहा तीव्रतेचा भूकंप झाला होता. खोलवर झाल्यामुळे तो थेट इजिप्तपर्यंत जाणवला आणि त्यामुळेच मोठं नुकसान झालं नाही. पण हे सगळं आम्हाला सकाळी कळलं.

मी जिन्याने खाली आले तेव्हा लातूरचे काका-काकू लॉबीत आधीच होते. पायात चपला, गळ्यात पासपोर्टची पिशवी, काकूंच्या हातात औषधांचा डबा आणि विजेरी. ९३पासून हे सगळं रोज उशाशी ठेवूनच झोपतो, काका म्हणाले. त्यांनीच मला सांगितलं की नावं घेऊन माणसं मोजा. अकरा भरली. बाराव्या ठाण्याच्या ताई, खोलीत एकट्या, दार उघडत नव्हत्या. काका रिसेप्शनवरच्या मुलाला घेऊन वर गेले. ताई पलंग आणि भिंत यांच्यामध्ये बसलेल्या होत्या. त्यांना खाली आणलं, काकूंनी शाल दिली. तेरावे डॉक्टर, ते रस्त्यावर उभे राहून घड्याळ बघत पुढच्या धक्क्याची वेळ टिपायच्या तयारीत.

उजाडेपर्यंत सगळे लॉबीत. मुलाने न मागता चहा केला. ताई काकूंच्या खांद्याला टेकून झोपल्या. साडेतीनच्या सुमारास काका माझ्याजवळ येऊन बसले आणि आवाज न चढवता म्हणाले, "ताई, सुरक्षित म्हणाला होतात."

काय वेगळं करता आलं असतं

क्रीटचा निर्णय मी आजही चुकीचा मानत नाही. १६ फेब्रुवारीला जे माहीत होतं त्यावरून तो योग्य होता. सँटोरिनीची मालिका पुढे शमली, मार्चमध्ये शाळा उघडल्या, मे महिन्यात तिथे पर्यटक होते. म्हणजे मूळ आखणीही कदाचित सुरळीत पार पडली असती. ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

चूक त्या एका वाक्यात होती. आफ्रिका आणि युरोपाची भूपट्टं जिथे भिडतात त्या कमानीवर क्रीट बसलेलं आहे. ग्रीस हा सगळाच भूकंपाचा देश. हे मला शाळेतल्या भूगोलाइतकं माहीत होतं. पण पोलनंतरच्या भांडणाने मी घाईला आले होते आणि लोकांना गप्प करणारा शब्द हवा होता. खरं कारण, म्हणजे "व्हिसाची तारीख जवळ आहे, पैशाला बरं आहे आणि विषयाला क्रीट जास्त जुळतं", हे सांगितलं असतं तर काकांनी कदाचित नावच काढलं असतं. तो त्यांचा हक्क होता. मी तो त्यांच्याकडून काढून घेतला.

पोल पुन्हा कधी टाकणार नाही. लातूरच्या फोनची गोष्ट, नाव न घेता का होईना, ग्रुपला सांगायला हवी होती. भीतीमागे अनुभव आहे हे कळल्यावर ताईंनी ते वाक्य लिहिलं नसतं. रात्रीच्या बोटीनंतर आदल्या रात्रीपासूनच खोल्या घेऊन ठेवायच्या, पैसे जातात तर जाऊ द्यावेत. परदेशातल्या एकट्या माणसाच्या खोलीची जादा किल्ली आमच्याकडे असावी, हे सुचायला भूकंप लागला. आणि पत्रकावरचा फोटो शेवटी निवडायचा, आखणी झाल्यावर.

सगळ्या सुधारणा आम्ही लगेच केल्या असंही नाही. गाइडची पद्धत मात्र आता देशातल्या सहलींनाही लावली आहे. संध्याकाळी गोष्ट, सकाळी जागा. हंपीलाही सर आता स्थळावर कमी बोलतात, आणि त्यांचं म्हणणं आहे की लोक जास्त बघतात.

नव्या आखणीच्या कागदावर आता "या प्रवासात काय होऊ शकतं" असं अर्धं पान असतं. भूकंप, संप, बंद मठ, ऑक्टोपस. ते वाचून दोघांनी पुढच्या सहलीचं नाव काढून घेतलं.

सँटोरिनीच्या हॉटेलकडची पत पडून होती. ठाण्याच्या ताईंनी ऑगस्टमध्ये फोन करून ती मागितली. कायद्याने ती आमची होती, पण देऊन टाकली. ऑक्टोबरात दोघी बहिणी जाऊन आल्या. निळ्या घुमटांसमोरचा फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला नाही, मला एकटीला पाठवला. खाली लिहिलं होतं, "काकांना दाखवू नका."